तिसऱ्या खुर्चीखालची फरशी

ठोक्या फरशी बसवायचा. मी त्याला फरशी चिकटवायचा मसाला कालवून द्यायचो. अशी एकतीस वर्षं गेली.

त्याचं खरं नाव फक्त हजेरीच्या वहीत होतं. फरशी बसवली की दुसऱ्या दिवशी तो उकिडवा बसून प्रत्येक फरशी मधल्या बोटाच्या पेराने ठोकायचा. खाली मसाला भरून बसला असेल तर आवाज बसका येतो. पोकळी असेल तर आवाज मोकळा येतो, रिकाम्या डब्यासारखा. बाकीचे लोक काठीने ठोकायचे. ठोक्या म्हणायचा, "काठीला कुठे कान असतात?"

ही सवय त्याने घरीही नेली. दुकानात पाव घेताना पाव ठोकायचा. दवाखान्यात तपासायला झोपवलं तर आधी टेबल ठोकलं. त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी, सांगायची, "लग्न झाल्यावर पहिल्या आठवड्यात यांनी पलंग, कपाट, दारं, सगळं ठोकून बघितलं. म्हटलं, आता माझी पाळी."

दिवसाला ऐंशी फूट फरशी बसवणारे कारागीर होते. ठोक्या पन्नासवर थांबायचा. मुकादम ओरडायचा. पण ठोक्याने बसवलेली फरशी पुन्हा उखडावी लागली, असं मी एकतीस वर्षांत एकदाच पाहिलं. ती का उखडावी लागली हे फक्त मला माहीत होतं.

कालवणाऱ्याच्या कामाला लोक खालचं समजतात. फरशी धरणार की सुटणार, हे बादलीत ठरतं. पावडर किती, पाणी किती, किती वेळ ढवळायचं, किती वेळ मुरू द्यायचं, सगळ्याला माप आहे. कालवलेला मसाला पाऊण तासात संपवायचा. घट्ट व्हायला लागला की फेकायचा. त्यात पुन्हा पाणी घालायचं नाही. पाणी घातलं की तो मऊ होतो, हाताला ताजा लागतो, पण फरशीला धरत नाही. हे मला ठोक्यानेच शिकवलं, पहिल्याच महिन्यात. माझं नाव त्याने बादल्या ठेवलं ते तेव्हापासून.

अकरा वर्षांपूर्वी आम्हाला एका हॉटेलचं काम मिळालं. जागा पहिल्या मजल्यावर. मधोमध लाकडी काउंटर होणार, त्याच्यापुढे आठ उंच खुर्च्या, लोखंडी पायांच्या, जमिनीत बोल्टने ठोकलेल्या. स्वयंपाकी काउंटरच्या आत उभा राहून समोरच वाढणार. माल सगळा खाली ठेवलेला. वर यायला बावीस पायऱ्या. ओझं घेऊन चढणारा माणूस पायऱ्या मोजतो, म्हणून आकडा पक्का आहे.

खुर्च्यांखालची शेवटची ओळ राहिली होती. पाच वाजत आलेले. बादलीत तळाला मसाला उरला होता, घट्ट झालेला. फेकायचा तर नवीन पोतं खालून आणायला हवं. घरी गेल्यावर मी स्वतःला सांगितलं की गुडघा दुखत होता. गुडघा त्या दिवशी दुखत नव्हता. मला कंटाळा आला होता. मी मसाल्यात डबाभर पाणी ओतलं आणि ढवळलं.

ठोक्याने थापीवर घेऊन बघितला. "जरा सैल आहे रे."

"आत्ताच कालवलाय," मी म्हणालो.

त्याने माझ्यावर विश्वास ठेवला आणि शेवटच्या तीन फरश्या त्या मसाल्यात बसवल्या.

दुसऱ्या दिवशी खुर्च्या लावणारी माणसं भल्या सकाळी आली. ठोक्याला त्या ओळीवर बोट ठेवायला मिळालं नाही. दुपारी मुकादम काठी घेऊन फिरला आणि तीन फरश्या पोकळ निघाल्या. ठोक्या खाली बसला. एक एक ठोकली. पुन्हा ठोकली. मग स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला, "ठोक्या, हात गेला तुझा. वजन पडत नाही." बसवताना हाताने दाबून वजन द्यावं लागतं, त्याबद्दल तो बोलत होता.

मी तिथेच, दोन हातांवर उभा होतो. बादली धूत होतो. मी काही बोललो नाही.

दोन फरश्या उखडून त्याने परत बसवल्या. त्या वेळी मी बावीस पायऱ्या उतरलो, चढलो, ताजा मसाला दिला. तिसऱ्या फरशीवर तिसऱ्या खुर्चीचा पाय ठोकलेला होता. मालकाला घाई होती. ती तशीच राहिली.

पुढच्या कामाला ठोक्या आला नाही. मी घरी गेलो तर म्हणाला, "हात गेला म्हणतात. लोकांच्या घरात पोकळ फरश्या कशाला बसवू?" त्याचं वय तेव्हा अठ्ठावन्न होतं. मी म्हणालो, "चुकतं एखाद्या वेळी." एवढंच म्हणालो. त्याने अवजारं विकली आणि गाड्या लावायच्या तळावर पावत्या फाडायची नोकरी धरली. मी आणखी दोन वर्षं काम करून घरी बसलो.

त्या हॉटेलचं पुढे मोठं नाव झालं. लेकीबरोबर त्या रस्त्याने गेलो की मी बोट वर करून सांगायचो, "ती फरशी आमची." असं किती वेळा सांगितलं असेल! ते असं अंगावर येईल हे डोक्यात आलं नाही.

गेल्या आठवड्यात लेक आली. ती दातांच्या दवाखान्यात काम करते. फोन टेबलावर ठेवून म्हणाली, "बाबा, आई, तुमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत. बाबांच्या हॉटेलात तुम्हाला जेवायला पाठवणार आहे. दोन जागा सुटल्यात. उद्या दुपारी बारापर्यंत पक्कं करायचं, नाहीतर दुसऱ्याला जातील."

"कोणतं बाबांचं हॉटेल?" बायकोने विचारलं.

"ज्याची फरशी बाबांनी बसवली ते. स्वयंपाक्याचे आजोबा जपानमधून अमेरिकेत गेले होते. हा तिकडेच शिकला. दोन्हीकडचं मिळून करतो. बारा ताटल्या येतात, एकामागून एक. काय द्यायचं ते तोच ठरवतो."

"मग त्यात काय एवढं?" बायको म्हणाली. "मीही चाळीस वर्षं कुणाला विचारलं नाही."

लेक वाचायला लागली. मक्याच्या पावावर समुद्री शेवाळाचं लोणी. कच्चा मासा, वर धुरी दिलेलं मीठ. मिसो लावून भाजलेल्या बरगड्या.

"मिसो काय असतं?" मी विचारलं.

"सोयाबीन आंबवून केलेला लगदा. कधीकधी दोन दोन वर्षं मुरवतात."

दोन वर्षं. मला पाऊण तासाचा हिशेब पाळता आला नव्हता.

तिने एका माणसाचा दर सांगितला. मी मनात भागाकार केला. माझ्या शेवटच्या वर्षाच्या मजुरीचे नऊ दिवस.

"नको," मी म्हणालो.

"पैसे मी देतेय, बाबा."

"नको म्हटलं ना."

"अहो, पोरगी एवढ्या हौसेने सांगतेय," बायको म्हणाली. "कच्चा मासा मी तुमच्या ताटलीत सरकवीन. जन्मभर हात आखडून जगलात, आता लेकीचाही हात धरताय का?"

दोघींना वाटलं, मी पैशाला जपतोय. मी तसं वाटू दिलं. पुन्हा तेच, गप्प बसून भलत्याच गोष्टीवर खापर फुटू देणं. लेकीचा चेहरा उतरला. "उद्या बारापर्यंत सांगा," म्हणून ती गेली.

सकाळी उठलो आणि ठोक्याच्या तळावर गेलो. माझ्या मनात होतं, लेकीला विचारून दुसरी जागा त्याला द्यावी. बायको नाहीतरी कच्चा मासा खाणार नाही. त्याला चांगलंचुंगलं खाऊ घालावं आणि मग जेवता जेवता सांगावं. वाटेत हे मला फार शहाणपणाचं वाटत होतं.

ठोक्या केबिनमध्ये बसला होता. माणूस आत मावेल आणि एक स्टूल, एवढीच जागा. आतली फरशी तिरकी बसलेली, सांधे वेडेवाकडे. पूर्वी असतं तर त्याने तिथे पायही ठेवला नसता.

"काय रे बादल्या, आज एवढ्या सकाळी?"

मी जेवणाचं सांगितलं. बारा ताटल्या, काउंटर, सगळं. तो ऐकत होता.

"आपल्या त्या हॉटेलात?"

"हो."

"मी नाही येत. तिथे माझी लाज पुरलेली आहे. तिसऱ्या खुर्चीखाली."

आता जेवणापर्यंत थांबणं शक्य नव्हतं. "ती तुझी नाही," मी म्हणालो. "मसाला शिळा होता. मी पाणी घातलं. तू विचारलंस तेव्हा खोटं बोललो."

एक गाडी आली. त्याने पावती फाडली, सुटे दिले, दांडा वर केला, खाली केला. मग विचारलं, "कालवून किती वेळ झाला होता?"

"दीड तास."

"पाणी?"

"डबाभर."

"आणि पोतं?"

"खाली होतं."

"बावीस पायऱ्या," तो म्हणाला. त्यालाही आकडा पाठ होता. त्याने उजवा हात स्टुलाच्या कडेवर ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं. "अकरा वर्षं झाली, बादल्या. कप उचलताना बघतो, थरथरतोय का. हातात भाजीची पिशवी असली तर बघतो. तुझी वहिनी म्हणते, काय सारखं त्या हाताकडे बघता? आणि तू दर दोन महिन्यांनी इथे येऊन चहा पिऊन जायचास."

मी म्हणालो, "चुकलो."

"तुला कळलंय ते. मुकादमाला कळलंय का? लाव त्याला फोन. माझ्यासमोर. आवाज मोठा ठेव."

मुकादम ऐंशीच्या घरात आहे, ऐकू कमी येतं. दोनदा मला ओळख सांगावी लागली. मग मी सगळं सांगितलं: हॉटेल, तीन फरश्या, शिळा मसाला, दोष माझा, ठोक्याचा नाही.

"कसल्या फरश्या?" मुकादम ओरडला. "कोणतं हॉटेल?"

"तुम्ही म्हणालात, ठोक्याचा हात गेला."

"मी? ठोक्याचा हात? अरे, त्याच्यासारखा हात मी दुसरा बघितला नाही. एकाएकी सोडून का गेला रे तो? बरा आहे ना?"

मी ठोक्याकडे बघितलं. त्याने मानेने सांगितलं, ठेव. मी फोन बंद केला.

मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"म्हणजे मी एकटाच लक्षात ठेवून बसलो होतो," तो म्हणाला.

"मीही विसरलो नाही."

"तू लक्षात ठेवून फुशारक्या मारल्यास. तुझी लेक मागे भेटली होती. मला म्हणाली, काका, ती फरशी तुमची ना? मी हो म्हटलं. काय म्हणणार?"

आणखी एक गाडी आली. तो उठला. पाठ माझ्याकडे ठेवूनच म्हणाला, "मला जेवायला घालून मोकळा होऊ नकोस. तू जा. बायकोला घेऊन जा, चाळीस वर्षं तिची आहेत, माझी नाहीत. तिसऱ्या खुर्चीवर तू बस. पाय खाली टेकव. बारा ताटल्या होईपर्यंत उचलायचा नाही. आणि आधी लेकीला सांग, कोणाचं काय होतं ते."

"पुन्हा येऊ का तुझ्याकडे?"

"जेवून ये. मग बघू."

घरी पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. बायको भांडी पुसत होती. तिच्यासमोरच लेकीला फोन केला आणि दोघींना एकदमच सांगितलं. बायकोच्या हातातलं फडकं थांबलं. ती माझ्याकडे बघत राहिली. फोनवर दवाखान्यातलं यंत्र घरघरताना ऐकू येत होतं.

"काकांना मी 'तुमची ना?' असं विचारलं होतं, बाबा," लेक शेवटी म्हणाली.

"माहीत आहे."

"मग रद्द करू? आता मला तिथे पाठवावंसं वाटत नाहीये."

"तुझ्या मनात नसेल तर पैसे मी भरतो. पण जागा पक्की कर. त्याने सांगितलंय जायला."

मग बटणं दाबल्याचा आवाज आला. "नाव झालं. वेळ सातची. काही खात नसाल तर लिहायचंय."

"आईला कच्चा मासा नको."

"खास विनंती आहे का, असं विचारलंय."

"आहे. डावीकडून तिसरी खुर्ची मला."

तिने लिहिलं. "आणि आईला कोणती?"

"कोणतीही चालेल," मी म्हणालो. "बाकी सगळ्या ठोक्याच्या आहेत."