आधी रिकामं पारडं

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, तराजू दुरुस्त करतात. बाजारात त्यांना 'काटेसाहेब' म्हणतात. त्यातलं 'काटे' आदराने आणि 'साहेब' थट्टेने. त्यांचं दुकान म्हणजे दोन खऱ्या दुकानांच्या मध्ये चुकून उरलेली फट आहे. त्या फटीत एक स्टूल, एक भिंग, पितळी वजनांचा लाकडी डबा आणि भावोजी एवढं मावतं. गिऱ्हाईक बाहेर उभं राहतं. मागच्या भिंतीवर त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी आहे : 'आधी रिकामं पारडं पाहा.' म्हणजे काहीही तोलण्याआधी रिकाम्या तराजूचा काटा मधोमध उभा आहे की नाही ते बघायचं. तो केसभर जरी कललेला असेल तर पुढचं सगळं वजन खोटं. जगातली निम्मी भांडणं रिकामं पारडं न बघितल्यामुळे होतात, असं ते म्हणतात. उरलेली निम्मी त्यांची ताईशी होतात.

त्यांचा उजवा हात हाच एक तराजू आहे. लिंबू ठेवा, किल्ली ठेवा, नातेवाइकांचं नुकतं जन्मलेलं मूल ठेवा, डोळे मिटून वजन सांगतील. दवाखान्यातल्या नर्सशी त्यांचा एकदा यावरून वाद झाला होता आणि नंतर नर्सचा काटा दुरुस्तीला आला. हल्ली मात्र आकडे दाखवणारे काटे आलेत. ते बिघडले की लोक फेकून देतात, काटेसाहेबांकडे आणत नाहीत. दिवस दिवस स्टूल, भिंग आणि भावोजी एकमेकांकडे बघत बसतात.

अशा मापाच्या माणसाने संध्याकाळी साडेसाताला पेट्यांचा कार्यक्रम बघावा, हे कोडं मला कधी सुटलं नाही. खेळ असा, की बारा बंद पेट्या. प्रत्येकीत एका आकड्याची पट्टी. एकीत शंभर, एकीत घबाड, बाकी मधलं. खेळणारा एक पेटी आपली म्हणून टेबलावर आणून ठेवतो आणि उरलेल्या एकेक उचलून उघडत जातो. मधून मधून सूत्रसंचालक एक लखोटा पुढे करतो. लखोट्यातली रक्कम घ्या आणि घरी जा, नाहीतर शेवटी आपल्या पेटीत असेल ते. बस्स. यात ना अक्कल, ना ताकद, ना पाठांतर. पेट्या उघडणं हे काम कस्टमवाले रोज करतात, त्यांना कुणी टाळ्या वाजवत नाही.

"यात बघण्यासारखं काय आहे?" मी एकदा विचारलं.

"तुला नाही कळायचं," ताई म्हणाली. "तुला आपल्याला अक्कल आहे असं वाटतं."

ताईचं बघणं म्हणजे भांडणच. "अगं, चार नको. चार नको म्हणतेय ना. उघडलीस? आता बस बोंबलत."

"ती चार नंबर उचलताना तिचा खांदा खाली गेला होता," भावोजी म्हणायचे.

"जाईल नाहीतर काय. खांदा आहे की फळी."

"पेटी जड होती. मोठ्या आकड्याची पट्टी सोनेरी असते. पत्र्याची असणार."

"अहो, नशिबाचा खेळ आहे तो. इथे तरी तुमचा काटा खिशात ठेवा."

ताईची गुडघ्यांशी बोलणी फिसकटली होती. चौथा मजला, लिफ्ट नाही. आठ महिने ती खाली उतरली नव्हती. खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली सोडायची, भाजीवाल्याशी वरूनच घासाघीस करायची आणि टोपली ओढून घ्यायची, एवढाच तिचा रस्त्याशी संबंध. "तू बरा आहेस," ती मला म्हणायची, "तुला लोकांचे चेहरे दिसतात. मला नुसती टकलं दिसतात."

आणि अशात तळमजल्यावरच्या मास्तरांनी लेकीकडे राहायला जायचं ठरवलं. त्यांची खोली रिकामी होणार होती. दारातून दोन पावलं टाकली की रस्ता. घरमालक म्हणाला, वरची सोडा, खालची घ्या, मधला फरक तेवढा भरा, पुढच्या महिनाअखेरपर्यंत थांबतो. तो फरक काही भावोजींच्या फटीतून निघण्यासारखा नव्हता. तेव्हा ताईने कुणाला न सांगता भावोजींच्या नावाने पेट्यांच्या कार्यक्रमाला फॉर्म पाठवला. स्वतःच्या नावाने का नाही पाठवलास, असं मी विचारलं, तर म्हणाली, "आणि बोलावलं तर जाऊ कशी, टोपलीतून?"

बोलावणं भावोजींना आलं. सोबत एक माणूस आणायची परवानगी होती, म्हणून मी. निघताना ताईने जिन्याच्या तोंडाशी उभं राहून बजावलं, "पेटी कुठलीही घ्या. लखोट्यात खोलीपुरते पैसे आले, की घ्यायचे आणि घरी यायचं. शहाणपणा करायचा नाही."

"नाही करणार," भावोजी म्हणाले.

"तू लक्ष ठेव रे."

मी मान डोलावली. माझ्यावर लक्ष ठेवायला कुणाला तरी सांगायला हवं होतं.

चित्रीकरणाची जागा टीव्हीत दिसते त्याच्या निम्मी होती आणि थंडी दुप्पट. मी प्रेक्षकांत बसलो. भावोजींनी पाच नंबरची पेटी मागितली, उचलली, आणि त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या. त्या भुवया मला ठाऊक आहेत. मापात काही खोट सापडली की त्या तशा जातात.

मग ते एकेक पेटी उचलायला लागले. हलकी निघाली ती लहान आकड्याची. दुसरी हलकी, तीही लहान. तिसरी उचलताना ते क्षणभर थांबले. तिच्यात निघाला घबाडाच्या खालोखालचा आकडा, सोनेरी पट्टीवर. सगळे हळहळले. भावोजींचा चेहरा मात्र उजळला. नशिबाच्या खेळात आमच्या माणसाला हिशेब सापडला होता.

होता होता दोन पेट्या उरल्या. एक समोरची, एक त्यांची. आकडेही दोनच उरले, शंभर आणि घबाड. सूत्रसंचालकाने लखोटा उघडला. त्यात तळमजल्याची खोली होती. खोली, रंगरंगोटी आणि वर पडदे.

मी जागेवरून दोन्ही हातांनी खुणा केल्या. भावोजींनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. मग पेटी पुन्हा एकदा तळहातावर घेतली आणि डोळे मिटले.

"काय काटेसाहेब, घ्यायचा लखोटा?"

"नको."

"नको? घरच्यांनी काय सांगितलंय?"

"हाताला कळतंय," भावोजी म्हणाले. "ही जड आहे. आत पत्र्याची पट्टी आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिथे लोक कशालाही टाळ्या वाजवतात. पेटी उघडली. पांढऱ्या कागदावर शंभर. समोरची उघडली, तिच्यात घबाड. सोनेरी पट्टी होती खरी, पण तीही कागदाचीच. भावोजींनी आपली पेटी उलटी केली. मागच्या बाजूला एक बिजागरी नवी होती. बाकीच्या पितळी, पातळ. ही लोखंडी, जाडजूड, तिचे स्क्रू अजून चकाकत होते.

"बिजागरी बदललीय," भावोजी सूत्रसंचालकाला म्हणाले, दुकानात गिऱ्हाइकाला सांगावं तसं.

"जोरदार टाळ्या," सूत्रसंचालक म्हणाला.

परतताना बसमध्ये दोन तास ते खिडकीबाहेर बघत होते. उतरायच्या वेळी एवढंच म्हणाले, "पेट्या रिकाम्या असताना उचलून बघायला हव्या होत्या. आधी." पाटी रंगवून तीस वर्षं झाली होती.

एक गोष्ट सांगायची राहिली. कार्यक्रम दाखवला जाईपर्यंत निकाल कुणालाही सांगणार नाही, अशा कागदावर आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या होत्या. दाखवणार होते तीन आठवड्यांनी.

जिन्याच्या तोंडाशी ताई उभी होती. "सांगा."

"सही केलीय," भावोजी म्हणाले आणि आत गेले. जेवले नाहीत.

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी बुटांची नाडी सोडायला घेतली. बुटांना नाडी नव्हती.

"समजलं," ताई म्हणाली, आणि तिचा चेहरा असा फुलला की मला पळून जावंसं वाटलं. "मोठा आनंद झाला की त्यांना घास उतरत नाही. आमचं लग्न ठरलं तेव्हा तीन दिवस उपाशी होते."

दुसऱ्या दिवशी मी भावोजींना फटीत गाठलं. "सांगून टाका तिला."

"सही केलीय."

"कोण येतंय बघायला? चौथ्या मजल्यावर तर पोस्टमनसुद्धा येत नाही."

"माप म्हणजे माप," ते म्हणाले. पण भिंगातून ते ज्या काट्याकडे बघत होते तो दुरुस्त होऊन आठवडा झाला होता. ते सहीला धरून नव्हते, सही त्यांना धरून होती. तिने सोडलं असतं तर कोसळले असते. आणि मी? मला वाटलं, त्यांनी सांगावं. त्यांना वाटलं असेल, मी सांगावं.

त्या वीस दिवसांत ताईने मास्तरांना निरोप पाठवला की खिडकीखालची फळी काढू नका, मला कुंड्या ठेवायच्यात. घरमालकाला वरून ओरडून सांगितलं की दुसऱ्या कुणाला शब्द देऊ नका. टोपली आणि दोरी तिसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना देऊन टाकली. "आता मला काय करायचीय? मी दारात उभी राहून भाजी घेणार. त्या मेल्याचा चेहरा बघून भाव करणार." आणि मला टेप घेऊन खाली पाठवलं, पडद्यासाठी खिडकी मोजायला. मी गेलो. मास्तरांनी टेपचं दुसरं टोक धरलं. मी मोजली, कागदावर लिहिली आणि वर आणून दिली. चोरी करणाऱ्याला निदान काहीतरी मिळतं.

कार्यक्रम दाखवणार त्या संध्याकाळी सगळे ताईकडे जमले. शिंपीणबाई आल्या, मास्तर काठी टेकत चार मजले चढून आले आणि अर्धा तास नुसते धापा टाकत राहिले. ताई पुढच्या खुर्चीत. लखोटा उघडला, आकडा दिसला, आणि सगळे एका सुरात म्हणाले, "घ्या." ताई टीव्हीकडे बघत नव्हती. ती वळून भावोजींकडे बघत होती. भावोजी फरशीकडे.

पडद्यावरचे भावोजी म्हणाले, "हाताला कळतंय."

पुढचं तिने पाहिलं नाही, नुसतं ऐकलं.

"नशीब," मास्तर म्हणाले. "दुसरं काय."

"नशीब हो," शिंपीणबाई म्हणाल्या. तो शब्द सापडल्यावर सगळ्यांना उठता आलं. मास्तरांची काठी जिन्यावर बराच वेळ वाजत राहिली.

"नशीब म्हणाले सगळे," ताई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "नशिबानं हरला असतात, तर चार दिवस रडून मोकळी झाले असते. त्याला कोण काय बोलणार? तुम्ही हातानं हरलात."

भावोजींनी उजवा हात पाठीमागे घेतला.

"आणि वीस दिवसांत मला माझी टोपलीसुद्धा देऊन टाकू दिलीत."

"सही..." भावोजी म्हणाले.

मग ती माझ्याकडे वळली. "आणि तू. तू खिडकी मोजून आलास."

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "चार फूट दोन इंच." इतकं अचूक आणि इतकं निरुपयोगी मी आयुष्यात काही बोललो नव्हतो.

महिनाअखेरीला तळमजल्यावर एक तरुण जोडपं राहायला आलं. त्यांचं कपाट आत जात होतं तेव्हा ताई खिडकीत होती. म्हणाली, "दोघांचेही केस दाट आहेत," आणि आत वळली. टोपली परत मागायचं काम माझ्याकडे आलं. शिंपीणबाईंनी ती धुऊन, नवीन दोरी लावून दिली आणि एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पेट्यांचा कार्यक्रम आता या घरात कुणी लावणार नाही असं मला वाटलं होतं. पुढच्याच सोमवारी साडेसाताला मी गेलो, तर ताई पुढच्या खुर्चीत आणि टीव्ही चालू.

"अजून बघतेस?"

"यात कुणाची चूक नसते रे," ती म्हणाली. डोळे पडद्यावर. "हरतात, रडतात, घरी जातात. घरी गेल्यावर कुणाचं तोंड चुकवावं लागत नाही."

भावोजी घरात नव्हते. जिन्यातून हातोडीचा आवाज येत होता. त्यांनी जुन्या तराजूंच्या पेट्यांची लाकडं काढून, जिन्याच्या प्रत्येक वळणावर भिंतीला एकेक घडीची फळी ठोकली होती. एक टप्पा उतरायचा, बसायचं, दम खायचा, पुढचा टप्पा. प्रत्येक फळी ठोकण्याआधी तिची बिजागरी त्यांनी तळहातावर तोलून बघितली म्हणे. आणि प्रत्येक फळीवर स्वतः बसून पाहिलं, मग मला बसवलं. "तू ब्याऐंशी किलो आहेस," मला म्हणाले. "तुला धरलं म्हणजे तिला धरेल." कित्येक दिवसांनी त्यांनी कुणाचं तरी वजन सांगितलं होतं.

फळ्या लावून आता दोन महिने झाले. तिसऱ्या मजल्यावरच्या फळीवर शिंपीणबाई पिशव्या ठेवतात. दुसऱ्या मजल्यावरच्या फळीवर तळमजल्यावरच्या जोडप्यातली मुलगी फोनवर बोलत बसते, कारण तिथे रेंज चांगली येते. सगळ्यात वरची, ताईच्या दारासमोरची, अजून घडी घातलेलीच आहे. भावोजी दुकानातून येताना तिच्यावरची धूळ पुसतात, आत येतात, आणि दाराशी चपलेसकट उभे राहतात.

"उतरू या का आज? एकच टप्पा."

ताई वळून बघत नाही. पडद्यावर कुणीतरी सात नंबर उचललेली असते.

"थांबा," ती म्हणते. "एवढी पेटी उघडू दे."

भावोजी थांबतात. उजवा हात दाराच्या कडीवर तसाच.