एका स्क्रूखाली तीन वायरी

हंगामाच्या पूजेची लायटिंग मशीनच्याच पॅनलमधून घ्यायची, ही अकोटच्या एका जिनिंगमधली, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातली, जुनी सवय. यंदा विजेचं नवं पॅनल तपासून सही करायचं काम माझ्या मैत्रिणीला, आचलला मिळालं होतं. स्वतःच्या नावावरचं तिचं हे पहिलंच काम. मी सोबत गेलो होतो.

तिनं पॅनल उघडलं आणि थबकली. एका स्क्रूखाली तीन वायरी होत्या. दोन जाड मोटरच्या, एक बारीक मांडवातल्या दिव्यांची.

"मी सही करत नाई, काका."

मालक पुंजारामकाका उसळले. "काहून? मुहूर्त टळून राहिला ना वं! दुसरा वायरमन बोलावू का?"

"बोलवा. पण आधी हे पाहा."

तिनं मेन स्विच पाडला, टेस्टर लावून खात्री केली आणि पेचकस काकांच्या हातात दिला. काकांनी जोर लावून स्क्रू आवळला.

"आता बारकी वायर ओढा."

काकांनी दोन बोटांनी ओढली. ती अलगद बाहेर आली.

"जाड वायरी दबतात, बारकी ढिली राहते. तिथंच ठिणगी पडते. एका स्क्रूखाली एकच वायर, असा नियम आहे. अन् बाजूले कापसाची गंजी लागली आहे तुमची."

काकांनी गंजीकडं पाहिलं. मी आचलकडं पाहत होतो. शाळेत ही मुलगी 'हजर'सुद्धा पुटपुटायची.

"गुरुजी, दुसरा मुहूर्त पाहा," काका शेवटी पूजेला आलेल्या गुरुजींना म्हणाले.

गुरुजींनी पंचांग न उघडताच सांगितलं, "साडेअकराचा आहे. चहा सांगा."

आचलनं पितळी पट्टी बसवली, प्रत्येक वायरीला स्वतंत्र स्क्रू दिला आणि सही केली. काकांनी नारळ तिच्याच हाती दिला. तो फोडायला मात्र तिला चार फटके लागले.