तुडुमातला दुपट्टा

माझा प्रबंध एका इंग्रज तत्त्वज्ञ बाईंवर होता. कर्तव्यांच्या याद्या पुरे झाल्या, माणूस कसा घडतो ते आधी बघा, असं त्यांचं म्हणणं. हे त्यांनी उचललं जुन्या ग्रीकांकडून: खरं वागत वागतच माणूस खरा होतो. भंडाऱ्याच्या कॉलेजात मी हे असं शिकवायचो, की वैनगंगा ऐकायला थांबायची! एकोडीत घरी आलो की मात्र दिवसाला सात थापा. मगरीनं माझ्या चपला नेल्या आणि मापात बसेनात म्हणून परत आणून दिल्या, ही त्यातली सगळ्यात साधी.

त्या साली ऐन धान निसवताना पावसानं दडी मारली. तलावाचं पाणी पाळीनं. आमची पाळी चार दिवसांनी. पाणी वाटणारा म्हातारा दुपारी जेवायला गेला, तेव्हा मी तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं भोक, उघडलं. आमच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, भरल्या. मग बुजवायला काही सापडेना, तेव्हा खांद्यावरचा दुपट्टा कोंबला आणि पळालो.

दिवस मावळायच्या आत गाव तलावाच्या बांधावर. सरपंच म्हाताऱ्यावर कडाडले, "सरच्या बांध्या कशा भरल्या? तूच पाणी देलं! उद्यापासून तुडुमाले हात लावाचा नाही."

चाळीस वर्षं तोच हात तुडुमात होता. म्हातारा माझ्याकडे बघत राहिला.

"मी उघडलं," मी म्हणालो.

सगळे हसले. "सर, कायले फेकून राहिले? म्हाताऱ्याले वाचवून राहिले का?"

"मगरीनं मदत केली असंन!" मागून कोणी तरी.

आयुष्यात पहिल्यांदा गावासमोर खरं बोललो आणि ते कुणी घेईना! सरपंच म्हाताऱ्याकडे वळले, तसा मी कपड्यांसकट पाण्यात उतरलो. छातीभर पाण्यात चाचपडत दुपट्टा ओढला आणि वर धरला. हसणं थांबलं. पण तुडुमातून पाणी सुटलं धो धो. म्हाताऱ्यानं मला बाजूला ढकललं, धानाचं तणीस आणि चिखल घेऊन बुडी मारली. पाणी बंद.

आमची पाळी त्या हंगामापुरती गेली. तुडुम म्हाताऱ्याकडेच राहिलं.

"कापडानं बुजत नाही, सर," तो दुपट्टा पिळत म्हणाला. "रोज हात घालाव लागते."

हे मी वर्गात सांगतो. पोरांना पटत नाही. मगरीचं पटतं.