रिकाम्या केगचं वजन

आधी आपांचं सांगते, बियरचं मग. उस्मानपुऱ्यात मी जिथं काम करते आणि राहते, त्या घराच्या समोर आपांचं गाद्यांचं दुकान आहे. रुई पिंजणं, खोळी शिवणं, जुनी गादी उसवून नवी करणं. त्यांनी आयुष्यात दारूच्या थेंबाला हात लावलेला नाही. तरी माझ्यासाठी त्या एका दुपारी बियरच्या खोलीत चढून आल्या. त्या आल्या नसत्या तर मी आज सावंतवाडीच्या पलीकडं, भावाच्या दारात परत गेले असते.

ज्यांच्या घरी मी राहते ते काका वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना घरी बियर बनवायचा नाद. वरच्या खोलीत झाकणाची मोठी पांढरी बादली. तिच्यात ती आठवडा-दोन आठवडे मुरते. मग बादलीच्या तोटीला नळी लावून ती स्टीलच्या लांबट पिंपात भरायची. त्याला काका केग म्हणतात. केगमध्ये मावते एकोणीस लिटर. झाकण लागलं की आत किती आहे ते कुणालाच दिसत नाही. आमच्याकडं काजूची दारू बाटलीत असते, निदान दिसते तरी.

भरलेला केग फ्रिजमध्ये राहायचा. काका ग्लासागणिक फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर रेघ मारायचे. त्यांच्या मापानं सत्तावन्न ग्लास व्हायला पाहिजेत. अठ्ठेचाळिसाव्यालाच केग फुसफुसायला लागला, म्हणजे संपला. पुढच्या वेळी सत्तेचाळीस. मग फ्रिजला कुलूप लागलं. कुलूप लावूनही एकोणपन्नास.

घरात आम्ही तिघंच. काका स्वतःची चोरी करणार नाहीत, काकूंना वासानं मळमळतं. राहिलं कोण?

एकदा काकू म्हणाल्या, "जरा जवळ ये गं. काहीतरी बोल."

"काय बोलू?"

"काहीपण. आजची भाजी सांग."

मी त्यांच्या नाकासमोर उभी राहून "दोडका" म्हणाले. त्यांनी श्वास आत घेतला. मी सातवीतनं शाळा सोडली, पण त्या काय हुंगत होत्या हे कळायला शाळा लागत नाही. वर त्यांनी सांगितलं, या वेळी कमी भरली तर गावचं तिकीट काढून देते.

मग मलाही जो तो चोर दिसायला लागला. इस्त्रीवाला जिन्यात जास्त वेळ का थांबतो? काका झोपेत उठून पितात का? मलाच झोपेत चालायची सवय लागली नाही ना?

आपांच्या दुकानात उशांचे अभ्रे न्यायला गेले तेव्हा रडूच फुटलं. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "रिकामा तोलला होता का?"

"काय?"

"तो डबा गं. रिकामी खोळ तोलल्याबगैर रुई किती भरली ते कसं कळणार? गिऱ्हाईक तर मलाबी चोरच समजतं."

केग तोलू का म्हणून काकांना विचारलं तर ते दुखावले. "म्हणजे आता माझ्यावर संशय?" पण नाही म्हणाले नाहीत.

भरायच्या दिवशी दुपारी आपा आल्या. वजनाचा हुकाचा काटा गादीच्या खोळीत गुंडाळून आणला होता, गल्लीनं बघू नये म्हणून. काटाच खोटा असला तर? मी गुपचूप स्वयंपाकघरातून पाच किलोची न फोडलेली आट्याची पिशवी आणून हुकाला लावली. आपांनी बघितलंच.

"तौल, तौल. तुझा भरोसा नाय ना माझ्यावर?"

मी मान खाली घातली. काट्यावर पाच किलो आणि वर थोडे ग्रॅम आले.

एका दांड्याचं एक टोक आपांच्या खांद्यावर, एक माझ्या. मध्ये काटा, काट्याला दोरीनं बांधलेला केग. रिकामा चार किलो दोनशे. काकांनी नळी केगच्या तोंडाशी धरली. बियर उंचावरून पडत होती, फेस चढत होता. तोंडातून फेस ओघळला तशी त्यांनी तोटी बंद केली. "भरला!"

पुन्हा दांडा खांद्यावर. वीस किलो तीनशे.

मी बोटांवर वजाबाकी केली, चुकली, पुन्हा केली. सोळा आणि थोडं वर. काकांनी चष्मा पुसून आकडा परत वाचला. "बियर पाण्यापेक्षा जराशी जडच असते," ते पुटपुटले. म्हणजे सोळा लिटरच. कुणी एक घोटही घेतला नव्हता आणि तीन लिटर गायब!

मी नेहमीसारखी बादली धुवायला उचलली. आपा माझ्या हाताकडं बघत होत्या. "इतकी वजनदार रोजच राहती का गं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. दर वेळी काका केग भरून जायचे आणि सांगायचे, खाली गाळ आहे, धुऊन टाक. मी मागच्या मोरीत ओतायचे. गाळ जड असतो असं मला वाटायचं. कधी वाकून बघितलं नाही, वासानं डोकं धरायचं. म्हणजे चोर मीच होते.

खोटं बोलता आलं असतं. आपा माझ्याकडं बघत होत्या, काकू दारात होत्या.

"व्हय," मी म्हणाले. "दर वेळी एवढीच असते. मीच ओतते."

केगचा फेस तोवर खाली बसला होता. काकांनी आत डोकावून बघितलं तर बियर तोंडापासून चांगली चार-पाच बोटं खाली. ते खाली बसले आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. "फेस मोजत होतो मी इतके दिवस!"

मग नळीचं टोक तळापर्यंत सोडून, हळूहळू, गाळ ढवळू न देता उरलेली भरली. बावीस किलो आठशे. बादलीत खरा गाळ राहिला तो तांब्याभर.

कुलूप त्या आठवड्यात निघालं. काकूंनी माफी मागितली नाही; अजूनही अधूनमधून बोलताना जरा जास्तच जवळ येतात. मीपण बादली धुवायच्या आधी दोनदा वाकून बघते. एकदा लागलेला संशय कुणाचाच पुरता जात नाही. पण माझी खोली राहिली, काम राहिलं.

आपांना काही द्यावं म्हटलं तर घेत नाहीत. त्या दुपारी जाताना जिन्यात म्हणाल्या होत्या, "ते तुझ्या गावचं समुंदर. पाणी खरंच खारट आहे, का तू थापा मारती?" त्यांनी समुद्र पाहिलेला नाही. खुलताबादच्या पलीकडं फारशा गेल्याच नाहीत. मी एक दिवस त्यांना घेऊन जाणार आहे. माझ्या गावच्या किनाऱ्यावर उभं करून ओंजळभर पाणी त्यांच्याच हातात देणार आहे. घ्या आपा, चाखून बघा. माझ्या शब्दावर नका जाऊ.