मांगच्या रांगेतलं पुस्तक

एकाहत्तर सालच्या आसपास इतवारीतल्या आमच्या वाचनालयात पुस्तक शोधाचं म्हणजे नत्थूजीले विचाराचं. छापील यादी होती, पण तिच्यात डोकं घालाले टाईम कोणाले? नत्थूजी तिथं शिपाई. बाप उमरेडले साधी धोतरं विणे; यानं माग सोडून नागपुरात नोकरी धरली.

पुस्तकं लावाची त्याची आपली रीत होती. दर पुस्तकाच्या शेवटी एक चिठ्ठी चिकटवली राहे. पुस्तक घरी गेलं की तिच्यावर तारखेचा ठसा अन् नेणाऱ्याची सही. ज्याले ठसे जास्त ते फळीवर समोर, ज्याले कमी ते मांगच्या रांगेत. कोणी येऊन म्हणे, "थे द्या भाऊ, ज्यात बायको शेवटी माहेरून वापस येते," की नत्थूजीचा हात समोरच्या रांगेत जाऊन थेच पुस्तक काढे. दहातून नऊदा तरी.

त्याले फसवणं सोपं नव्हतं. एका मास्तरानं आपल्या कवितांचं पुस्तक सहा भाच्यांकडून आलटूनपालटून नेववलं अन् चिठ्ठी ठशांनी भरवली. नत्थूजीनं पानं चाळून पाह्यली. "मास्तरजी, इतके लोकं वाचून राहिले, पण एका बोटाचा डाग नाही. भाजी खात नाही का जी तुमचे भाचे?" पुस्तक गेलं मांगं. मास्तर वर्षभर बोलले नाही.

एका शनिवारी दुपारी गोळीबार चौकाकडची मैनाबाई आली. तिचा सासरा ईश्वरदास करवती काठाचा, म्हणजे करवतीसारख्या दात्यांच्या किनारीचा, जुना कारागीर, त्याच साली वारला. आता घरात विणणारी ती एकटीच, अन् त्या काठाचा हिशोब सासऱ्यासंगच गेलेला. सोमवारी विणकरांची सोसायटी नमुने पाहणार होती. ज्याले तो जुना काठ जमला त्यालेच सूत भेटणार. नाही तर हिचा माग बंद.

"भाऊ, मामंजीनं इथूनच एक पुस्तक आणलं होतं. त्यात माणूस नाही, गोष्ट नाही, नुसते काठच काठ. एक कोपरा जळलेला."

"नाव काय वं त्याचं?"

"नाव वाचता आलं असतं तर तुम्हाले काहून विचारलं असतं?"

नत्थूजीनं विणकामाच्या फळीवरची समोरची तीन पुस्तकं दिली. तिन्ही परीक्षेवाल्या पोट्ट्यांची, ठशांनी काळी झालेली. मैनाबाईनं पानं उलटवून वापस सरकवली. "याच्यात तर अक्षरंच अक्षरं हायेत. तुम्ही कोष्ट्याचे ना जी, विणकराच्या घरचे?"

तो टोला बरोबर बसला. नत्थूजीनं समोरची रांग उचलून खाली ठेवली अन् मांगं हात घातला. धूळ इतकी की मैनाबाई पदर तोंडाले लावून शिंकून राहिली. अर्ध्या तासानं तळच्या फळीतून, अगदी भिंतीजवळून, जळक्या कोपऱ्याचं जाड पुस्तक निघालं. कोण्या जुन्या प्रदर्शनाचं, पानापानावर काठांची चित्रं. चिठ्ठीवर एकच ठसा. सही ईश्वरदासची.

नत्थूजी खालीच बसला. म्हणे, "मीच लोटलं याले इथं. मांगं लोटलं म्हणून दिसलं नाही, दिसलं नाही म्हणून कोणी नेलं नाही. अन् कोणी नेलं नाही म्हणून मी आणखी मांगं लोटत गेलो."

"थे मंग बोला. पह्यले बसाले जागा द्या," मैनाबाई म्हणाली.

ती सभासद नव्हती, पुस्तक घरी देता येत नव्हतं. तिनं कागद मागतला नाही, पेन्सिल मागतली नाही. कमरेच्या पिशवीतून सुताची लड काढली अन् चित्रातल्या करवतीच्या दात्यावर बोट ठेवून गाठी मारत बसली. चढणीच्या जितक्या पायऱ्या, तितक्या गाठी. उतरणीच्या आल्या की दुसरा धागा. दोन तास. वाचनालय बंद कराची वेळ झाली तरी नत्थूजी किल्ल्या घेऊन दारात उभा, घाई केली नाही.

घरी त्या गाठी मोजून तिनं काठ विणला, अन् सोमवारी मैनाबाईचा नमुना पास झाला. सूत भेटलं, माग चालू राहिला.

इकडे नत्थूजीनं नवीच रीत काढली. दर महिन्याच्या पह्यल्या तारखेले मांगची रांग समोर, समोरची मांगं. लोकं चिडले. रुपराव नावाचे रोजचे वाचक होते, ते तर टेबलावर हात आपटून म्हणाले, "माझं पुस्तक कुठं गेलं गा? वीस वर्षं याच जागी होतं!"

नत्थूजीनं फळीकडे बोट दाखवलं. "जरा हात घाला ना जी मांगं. कपडे मळतील, पण काही ना काही हाताले लागल."

रुपराव बडबडत वाकले. अर्ध्या घंट्यानं उठले, तर हातात भलतंच पुस्तक, अन् वाचता वाचता बोट पानात.