देवळापुढची वरात

नव्वदच्या दशकात मी नगरच्या एका बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचो. लग्नाच्या वरातीत सिनेमातली गाणी वाजवायची, हे आमचं काम. आमच्या क्लॅरिनेटवाल्याला सगळे मामा म्हणत. टेम्पोत बसले की क्लॅरिनेट मांडीवर आडवं ठेवून ते डोळे मिटत आणि गाव येईपर्यंत कुणाशी बोलत नसत. नवीन गाणं मात्र टपरीवरच्या रेडिओवर दोनदा ऐकलं की त्यांच्या बोटांत बसलेलं असे.

एकदा एका गावात बौद्ध घरातल्या नवरदेवाची वरात होती. देवळापाशी पाच-सहा जण आडवे आले. त्यांतले एक म्हातारे म्हणाले, "देऊळ मागं पडंस्तोवर वाजवनं बंद ठिवा." घोड्यावरच्या नवरदेवानं मान खाली घातली. आमच्या मालकानं हात वर करून बँड थांबवला.

मामा पुढं झाले. "आबा, नवरदेवानं वाजवायला बोलावलंय आमाला," असं शांतपणे म्हणाले आणि राहिलेलं गाणं तिथूनच पुढं वाजवू लागले. एकटेच, सावकाश चालत. म्हातारे बाजूला सरले, तसे बाकीचेही सरले. घोडा मामांच्या मागोमाग निघाला. माझ्या काठ्या देऊळ मागं पडल्यावरच ड्रमवर पडल्या.

जेवताना मामा माझ्या शेजारी बसले. मी वाजवलं नाही म्हणून आता बोलणार, या भीतीनं मी पानातला भात नुसताच कालवत राहिलो. भाकरी मोडता मोडता त्यांनी विचारलं, "खांदं भरून आलं हुतं का रं?"

मी हो म्हणालो. त्यांनी पुढं काही विचारलं नाही.