अडकलेली चेन

इंगोलश्टाटमधल्या आमच्या बिल्डिंगच्या केलरमधून, म्हणजे तळघरातून, मला माझी सायकल काढता येत नाही. कारण तिच्यापुढे खालच्या मजल्यावरच्या बाईंची खोकी. बाई रिटायर्ड. दर उन्हाळ्यात दोन महिने टांझानियातल्या चर्चच्या बालगृहात राबायला जातात आणि उरलेले दहा महिने आमचं डोकं खातात. शनिवारी सकाळी आठला बेल. "आल्झो," म्हणजे, तर मग, "मुलांसाठी काही आहे?" प्रत्येक खोक्यावर मुलाचं नाव आणि बुटाचा नंबर. मी एकदा 'बिचारी मुलं' म्हणालो, तर मला केलरमध्ये उभं करून सगळी नावं मोठ्याने वाचायला लावली!

परवा मी वैतागून मुलीचं जुनं जॅकेट त्यांच्या हातात कोंबलं. बाईंनी दारातच चेन वर-खाली करून बघितली. ती अर्ध्यावर अडकली.

"तुमच्या मुलीला हे घालून शाळेत पाठवाल?"

"नाही, पण..."

"गेनाऊ." म्हणजे, तेच तर. जॅकेट माझ्या हातात परत देऊन बाई जिना उतरल्या.

माझं टाळकं सटकलं. फुकट द्यायचं, वर यांचे नखरे! बायकोला म्हणालो, "पुण्यात आईने कामाच्या मावशींना पिशव्या भरभरून कपडे दिले. त्यांनी कधी एक शब्द काढला नाही."

खरंच काढला नाही. हसून घ्यायच्या. त्यांची मुलगी रोज त्यांच्याबरोबर यायची. आमच्याकडचं काहीही तिच्या अंगावर मी कधी पाहिलं नाही.